जैबुनचा गुडघा

त्या दिवशी उदगीरवर सकाळपासून धुकं बसलं होतं. दुपार कलली तरी किल्ला दिसंना. अंगातलं स्वेटरबी गार लागत होतं. लातूरच्या मनाच्या डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन मी तसाच घरी आलो.

जैबुन, माझी बायको, पावसाळ्यात गेली. घरात आम्ही दोघं नमाज पढायचो. मी पुढं, ती मागं. आमच्यात बाईमाणूस मागंच उभं राहतं, अन् नमाजमध्ये वळून बघत न्हाईत. सजद्याला, कपाळ टेकायला वाकताना तिचा गुडघा कट्ट वाजायचा. ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर तो आवाज परत येऊ लागला, ती गुडघ्याला चोळायची त्या बामाच्या वासासकट. मी भ्यालो न्हाई. रडलोबी न्हाई. आत सगळं बधिर.

डॉक्टर म्हणाले, “चाचा, दुःखाचाबी आवाज होतो. आला की तळपाय जमिनीला लागलेत का बघा, श्वास हळू सोडा. अन् ज्याला यातलं काही ठाऊक न्हाई, त्याला विचारा, ऐकू येतंय का.”

वाटेत मशिदीतल्या मौलानांना सांगितलं, ते ऐकून हसले. “कपाळ टेकता, त्याहून जमिनीला काय लागायचं? गोळ्या सोडू नका. इलाज करा, हे नबींचंच सांगणं हाय.”

आजार असला तर बरा होईल. मला तेवढंच पाहिजे होतं.

शेजारी दानम्मा, बिदरकडून नुकती भाड्यानं आलेली. तिला मी घरचं काही सांगितलं नव्हतं.

“सांजच्या मगरिबच्या नमाजला जरा दारात बसशील? मागून काय आवाज येतोय का ऐक.”

“उंदीर हाईत काय?”

“असतील.”

“मग मांजर बसवा, मला कशाला,” म्हणत ती तुरीच्या शेंगा घेऊन उंबऱ्यात बसली.

धुक्यानं उजेड लवकर गेला. मी उभा राहिलो. श्वास हळू सोडला. रुकूला कमरेत वाकलो, सजद्याला गेलो. कान मागं.

कट्ट आलं न्हाई. पुढच्या सजद्यातबी न्हाई. बामाचा वास न्हाई. दोन्हीकडं सलाम फिरवून नमाज संपवली, मी तसाच बसलो. बरा झालो म्हणायचं. पण काहीच वाटलं न्हाई.

“दानम्मा... आवाज?”

“कायबी न्हाई, चाचा.”

“नक्की?”

“हाव की.” टरफलं पदरात गोळा करत ती उठली. माझ्या पाठीमागं बघत हळूच म्हणाली, “पण असल्या थंडीत चाचीला नुसत्या फरशीवर उभं करता होय... एखादी सतरंजी तरी द्यावी माणसानं.”