दहावा माणूस

खोबरं किसता किसता मिल्काचा हात थांबला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका गप्प झाल्या.

करंजवेळ गावात ही थट्टेची गोष्ट नव्हती. मिल्का करंजवेळकरनं मध्येच थांबून मान कलती केली, की समुद्रातल्या होड्या माघारी वळायच्या. तिच्या उजव्या कानामागे, हाडात, एक बारीक चकती बसवलेली होती. लोक तिला कर्णटिकली म्हणत. समुद्राच्या तळाशी टाकलेली लांबच लांब तार जमिनीची जराशी थरथरही टिपायची आणि ती थरथर या टिकलीतून मिल्काच्या डोक्यात गुणगुणायची. आधी हे काम नुसत्या संगणकावर सोपवलं होतं. पण जहाजाची घरघर कुठली आणि तळ हलल्याची कुठली, यात तो हटकून फसायचा. माणसाच्या मेंदूला सवयीनं ते कळतं. म्हणून किनाऱ्यावरच्या गावागावांतून ऐकणारी माणसं निवडली. चाचणीत बायाच जास्त उतरल्या. का, ते डॉक्टरांनाही धड सांगता आलं नाही.

"काय झालं गो?" भावजय दीनानं विचारलं.

"तळाचा उतार घसरतोय बहुतेक. जात्यात खडा अडकावा तसं वाजतंय." मिल्कानं किसणी बाजूला सारली. "दीना, मला भीती वाटतेय. असं मी कधीच ऐकलं नव्हतं."

तिनं लगेच जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "आमच्या पडद्यावर सगळं हिरवं आहे, मॅडम."

"मग तुम्ही तो हिरवा पडदा बघत बसा. मी गाव हलवते!" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आणि नेमका आजच मलिदा होता. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरात कुणी दुखण्यातून उठलं, की एलियाहू हन्नाबी, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा एलियाहू नबी, याच्या नावानं नवस फेडतात. भिजवलेल्या पोह्यांत गूळखोबरं कालवायचं, वर फळं मांडायची आणि त्या ताटापुढे प्रार्थना म्हणायची. मिल्काचा धाकटा भाऊ, दीनाचा नवरा शालोम सहा महिने अंथरुणाला खिळून होता. तो वाचावा म्हणून नवस बोलली होती मिल्काच. आई गेल्यापासून तिनंच त्याला वाढवलं होतं. तो उठून चालायला लागला तेव्हा ती दारामागे उभी राहून रडली होती.

अंगणात जमलेल्या पुरुषांत कुरबूर सुरू झाली. "एका बाईच्या कानावर भरवसा ठेवून अख्खा गाव टेकडीवर चढवायचा?" रूबेन म्हणाला.

सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे पेन्हासकाका त्याच्यावर उखडले. "शास्त्र वाचलंयस का कधी? मिर्याम नबी होती. दबोरा नबी होती. देवळात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा राजानं देवाचं म्हणणं विचारायला माणसं कुणाकडे धाडली? हुल्दाकडे! बाईकडे! आणि ती राजाला गोड लागेल असं काही बोलली नाही, संकट येणार म्हणून तोंडावर सांगितलंन. चल, ताट उचल."

काकांनी असं म्हटल्यावर कोण थांबणार? गाव निघाला. खाडीच्या अलीकडचे लोक टेकडीवर चढले, पलीकडचे पाण्याच्या टाकीच्या डोंगरीवर. मध्ये सखल जमीन, नारळाच्या वाड्या आणि खाडीवरचा अरुंद साकव.

वर पोचल्यावर सगळे समुद्राकडे बघत बसले. समुद्र अगदी शहाण्यासारखा पडून होता. ऊन चढलं, पोरं भुकेनं किरकिरायला लागली, कुणीतरी हसून म्हणालं, "नबीणबाई, पिक्चर कधी सुरू होणार?" मिल्काच्या कानातली घरघर मघाशीच थांबली होती आणि ती शांतताच तिला जास्त वाईट वाटत होती.

"आलोच आहोत, तर इथेच मलिदा करू," पेन्हासकाका म्हणाले. त्यांनी पुस्तक काढलं आणि पुरुषांवरून नजर फिरवली. नऊ. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहावे हसाजी मास्तर टाकीच्या डोंगरीवर होते. नजर अधू, त्यांना साकवावरून हात धरूनच आणावं लागायचं.

शालोम उठला. "मी आणतो त्यांना. नवस माझाच आहे."

"खाली पाऊल टाकायचं नाही!" मिल्का ओरडली.

"आवाज येतोय का, ताई?"

हो म्हणाली असती तर! पण नबीनं खोटं बोलू नये, हे काकांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. "नाही. थांबलाय. पण धोका टळलेला नाही रे. मला धरा ना दहावी! मला सगळी प्रार्थना पाठ आहे."

पुरुष हसले. काका हसले नाहीत, मायेनं म्हणाले, "पोरी, तू नबी असशील. पण दहात बाई धरत नाहीत."

शालोम उतरला. त्याचा निळा सदरा साकवावर दिसला, मग पलीकडच्या वाडीत शिरला. तेवढ्यात मिल्काच्या कानात असा काही धडधडाट झाला, की ती गुडघ्यांवर बसली.

"शालोम! वर चढ! धाव रे!"

इतक्या लांबून ऐकू कसं जाणार? खाडीतलं पाणी मागे ओढलं गेलं. होड्या चिखलात कलंडल्या. मग समुद्र उठून आत आला. घाई नाही, गर्जना नाही, नुसता येतच राहिला. साकव गेला. नारळांचे शेंडे तेवढे वर उरले आणि तेही एकेक करून आडवे झाले.

टाकीच्या डोंगरीवर माणसं दिसत होती. त्यांत निळा सदरा होता की नव्हता, कुणालाच सांगता येईना. फोन बंद पडले होते. दीना तोंडात पदर कोंबून तिकडे बघत होती. तिला कुणी हात लावायलाही धजत नव्हतं.

पेन्हासकाका पुस्तक घेऊन मिल्कापाशी आले.

"आम्ही आठ उरलो," ते कसेबसे म्हणाले. "नववी तू. दहावी दीना. उभ्या राहा पोरींनो, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणू या."

मिल्का उठली नाही. तिच्या कानात पुन्हा तीच घरघर सुरू झाली होती. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"हे मघाशी का नाही सुचलं, काका?"