दगडाचं बारसं

आमच्या दाराला इतक्या उंचावर कडी कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, नाहीतर सत्यजितला पाळणा दिलाच नसता.

२००४ची गोष्ट. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला माझ्याबरोबर काम करणाऱ्या सत्यजितला सिनेमाचं वेड लागलं होतं. खेड्यातला सैतानपूजक पंथ एक तान्हं मूल सैतानाला वाहतो, अशी त्याची भयकथा. बजेटचा आनंदीआनंद होता. काळे झगे पडद्याच्या कापडाचे, पंथ गावातल्या हौशी म्हाताऱ्यांचा. पाळणा तेवढा आमचा. माझ्या बायकोला, ऊर्मिलाला, सातवा महिना होता आणि सासूबाईंनी तो सांगलीहून पाठवला होता.

"माधव, रिकामा पाळणा हलवत नाहीत रे," ऊर्मिला म्हणाली.

"रिकामा कुठे? बाहुली असेल की त्यात." शनिवारी सकाळी पाळणा गाडीत घालून मी निघालो.

शूटिंग एका जुन्या गोठ्यात होतं. ओलसर गवताचा वास, अंधार. बाहुली अगदीच खेळण्यातली दिसत होती. शहाणपणा मलाच सुचला. आपल्याकडे बारशाला वरवंटा गुंडाळून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, तसा एक लांबट दगड मी टॉवेलात गुंडाळून दिला.

"गेनाऊ! हेच पाहिजे," सत्यजित हरखला. "म्हणायलाही आपलंच देऊ. इथे कुणाला कळतंय!"

मग ते झगेवाले दगड हातोहात देत घुमू लागले, "कुणी गोविंद घ्या... कुणी गोपाळ घ्या..." मला हसू आवरेना.

शेवटी शेतमालकाची आई, फ्राउ हिल्डेब्रांट, पुढे आली. पाळण्यावर वाकून ती दगडाशी काहीतरी कुजबुजली, बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तशी. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"काय नाव ठेवलंत?" मी गमतीने जर्मनमध्ये विचारलं.

"बाळाला कळलंय," ती म्हणाली. "तेवढं पुरे."

दोन महिन्यांनी मुलगी झाली. त्याच पाळण्यात बारसं झालं. माझ्या बहिणीने, नीलिमाने, कानात नाव सांगितलं, नैना. पण नैना म्हटल्यावर ती कधी वळलीच नाही. कान तपासले, उत्तम. दोन भाषांच्या घरात होतं असं, डॉक्टर म्हणाले. आम्हीही तेच धरून चाललो.

ती चार वर्षांची असताना सत्यजितने सिनेमाची डीव्हीडी आणून दिली. रविवारी दुपारी मी ती लावली, पोर घाबरू नये म्हणून आवाज पूर्ण बंद ठेवून. नैना आतल्या खोलीत दार लोटून चित्रं काढत होती.

"नैना, सफरचंद हवंय?" ऊर्मिलाने स्वयंपाकघरातून दोनदा विचारलं. उत्तर नाही, नेहमीप्रमाणे.

पडद्यावर म्हातारी पाळण्यावर वाकली. तिचे ओठ हलले...

"या, इश कोमं!" आतून नैनाचा आवाज आला. हो, येते.

ती बाहेर आली, आमच्याकडे न बघता दाराशी बसली आणि बूट घालू लागली. मी टीव्ही बंद केला.

"नैना... कुठे निघालीस?"

तिने दुसरा बूट ओढला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शू, बाबा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ती परत हाक मारतेय."