आज पाणी नको

डेपोचे मोठे डॉक्टर, तुम्ही मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. बस चालवणारी धडधाकट मुलगी समोर उभी राहून सांगतेय की छातीत अचानक इंजिन रेस होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते... आणि तुम्ही काय विचारलंत? "लग्न जमत नाहीये का?" ईसीजी चांगला आला म्हणून 'मानसिक ताण' असं लिहिलंत, सही ठोकलीत आणि तिच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलंत. एखाद्या पुरुष ड्रायव्हरला विचारलं असतंत हे?

डेपोत तिला सगळे तोफ म्हणायचे. भरलेली बस एका दमात रिव्हर्स घेणारी तोफ. तिला चौकशीच्या खिडकीत नेऊन बसवलं. आई खूश होती. "बसल्या जागी पगार! देवानं ऐकलं माझं."

"देवानं नाही गं आई, डॉक्टरनं ऐकलं. तेही अर्धवट."

तिनं मनाशी पक्कं केलं. धडधड पुन्हा सुरू झाली की तिला कागदावर पकडायचं आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर आपटायचा.

डेपोसमोरच दवाखाना होता. पहिल्या मजल्यावर ईसीजीची खोली. छाती धरून ती पहिल्यांदा वर पोचली, तेव्हा चष्मेवाला टेक्निशियन मशीनमध्ये कागद भरत होता.

"लवकर... वायरी लावा... पळून जाईल ती!"

"कोण?"

"धडधड!"

तो हसला. एकाच गालावर खळी. "जिना धावत चढलात, दुसरं काय होणार? बसा. आमच्या खोलीचा नियम आहे — आधी दम खायचा, मग ईसीजीची पट्टी काढायची." आणि कूलरचं गारेगार पाणी ग्लासात भरून त्यानं पुढे धरलं. देताना बोटं बोटांना लागली. तिनं ते घटाघटा प्यायलं... आणि स्विच बंद करावा तशी छाती शांत झाली.

पट्टी अर्थातच चांगली आली.

मग हे असंच चालू राहिलं. धडधड आली की रस्ता ओलांडायचा, जिना चढायचा, पाणी प्यायचं, शांत व्हायचं. पडद्याआड सिस्टर तिला वायरी लावायच्या आणि पडद्यापलीकडून त्याचा आवाज यायचा.

"आज परत तुम्ही?"

"आणि आज परत तुम्हीच, पट्टीवाले!"

"लोकांची छाती माझं मशीन बघून धडधडते. तुमची थांबते. अपमान आहे हा मशीनचा."

"मशीन बघून नाही थांबत..." ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सिस्टर उगाचच खोकल्या. पलीकडे कागदाचं रीळ धप्पकन खाली पडलं.

जगातल्या पोरींची छाती कुणाला तरी बघून धडधडायला लागते. हिचं सगळंच उलटं! तिला तर हेच खरं वाटायला लागलं होतं की त्याला पाहिलं की आपला जीव जागेवर येतो. गोड वाटायचं. पण प्रत्येक चांगली पट्टी मोठ्या डॉक्टरांकडे जायची, आणि ते म्हणायचे, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

शेवटी निरोप आला. पुढच्या सोमवारपासून ती कायमची खिडकीत.

त्याच दिवशी खाली पडलेलं पेन उचलायला ती वाकली आणि धडधड सुरू झाली. ती भिंतीला धरधरून जिना चढली. तो ग्लास भरून उभाच होता. पण आज चेहरा जरा पडलेला.

"एक सांगू? रागावू नका... इतक्या पट्ट्या चांगल्या आल्या. कदाचित... खरंच ताण असेल."

मोठ्या डॉक्टरांचं बोलणं तिला लागलं नव्हतं, इतकं हे लागलं.

"तुम्हीसुद्धा?"

"तसं नाही, मी फक्त—"

"ठेवा तो ग्लास खाली. आज पाणी नको. दमही खाणार नाही. सिस्टर, लावा वायरी!"

"अहो, पण नियम..."

"खड्ड्यात गेला नियम!"

मशीन करकरलं. कागद बाहेर यायला लागला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. कंगव्याच्या दातांसारखे ठोके, एकमेकांना चिकटलेले, श्वास घ्यायलाही जागा नाही. पट्टीवरची नजर न काढता त्यानं फोन उचलला. "मॅडम, लगेच वर या."

हृदयाच्या डॉक्टरीणबाई आल्या, पट्टी पाहिली आणि म्हणाल्या, "इतके दिवस हे सापडलं कसं नाही? ह्या आल्या की काय करता तुम्ही?"

"बसवतो... थंड पाणी देतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गार पाणी झटक्यात प्यायलं की ही धडधड कधी कधी थांबते! आधी उपचार करताय आणि मग आजार शोधताय!"

मग त्यांनी तिला समजावलं. हृदयात विजेची एक जादा वाट होती, जन्मापासूनची. वीज तिच्यात शिरली की चौकाला गोल गोल फेऱ्या मारत बसायची. उपाय एकच, मांडीच्या शिरेतून बारीक वायर आत न्यायची आणि चटका देऊन ती वाट कायमची बंद करायची.

बाई गेल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी."

"तुमचीच. आणि रोज तेच पाणी प्यायला यायची हौस माझी."

वाट बंद करायच्या दिवशी ती ऑपरेशनच्या टेबलावर जागीच होती. बाईंच्या मदतीला काचेपलीकडे मॉनिटरसमोर तो बसला होता. "आता मुद्दाम सुरू करणार आहोत. घाबरलात?" स्पीकरमधून त्याचा आवाज आला. कापरा.

"तुमच्या आवाजावरून तुम्हीच घाबरलाय. करा सुरू!"

छाती उधळली. तिनं दात दाबून धरले. जरा वेळानं आत कुठंतरी जळल्यासारखं झालं... आणि सगळं थांबलं. त्यांनी धडधड पुन्हा सुरू करून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. ती आलीच नाही. बाई म्हणाल्या, "वाट बंद."

पुढे सगळ्या तपासण्या पार पडल्या आणि ती मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिली. "आधी 'मानसिक ताण' खोडा, मग फिट लिहा."

"जुनं कशाला उकरून काढायचं?"

"मी उभी आहे, साहेब. मला घाई नाही." त्यांनी खोडलं. मान वर न करताच, पण खोडलं.

पट्टीवाला मात्र गायब. ना फोन, ना निरोप. ईसीजीच्या खोलीत गेली तर म्हणे दुसऱ्या पाळीला. मग एका सकाळी दवाखान्याच्या स्टॉपवर तिनं बस लावली, तर समोर तोच, खांद्याला डबा. तिला पाहून तो चक्क एक पाऊल मागं सरकला. तिनं हँडब्रेक ओढला.

"फोन का नाही केलात?"

"बरं झाल्यावर पेशंटला... सगळेच चांगले वाटतात. ते खरं धरायचं नसतं. उद्या तुम्हालाच पटेल."

"अस्सं! म्हणजे माझ्या छातीत काय चाललंय ते मला कळत नाही. तुम्हीपण त्यांच्यातलेच?"

खळी नाही, काही नाही. तो नुसता डब्याचा पट्टा पिळत उभा.

मागून एक बाई ओरडल्या, "अगं, आम्हाला कामावर जायचंय!" त्यांच्या शेजारचे आजोबा म्हणाले, "थांबा हो, ऐकू द्या!"

ती दाराकडे झुकली. आवाज खाली आणला, पण तोही मागच्या सीटपर्यंत पोचला.

"माझं मी सांगते. तुम्ही मला आवडता. पेशंट होते तेव्हा, आणि नाही तेव्हाही. हे कुणी मला लिहून द्यायची गरज नाही. आता तुमच्या छातीत काय आहे ते तुम्ही सांगा. अंदाज नको, कदाचित नको, उद्या नको. हो... की नाही?"