काचेभोवतीची दोरी

पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर चाक खड्ड्यात आपटलं आणि नरहर वकिलांच्या जुन्या मोटारीची समोरची काच चौकटीतून सुटून आत झुकली. शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीनं, कुंदानं, ती दोन्ही तळहातांवर तोलली आणि तशीच सेवादासच्या गॅरेजपर्यंत आणली.

“सोडा बाई, मी धरली,” सेवादास म्हणाला.

तिची बोटं आखडली होती... सुटेचनात. त्यानं एकेक बोट हळूच उचललं. “रबर वाळून कडक झालं जी. नवं नागपुराहून येईन. तवरिक काच इथंच राहू द्या.”

मुलींच्या शाळेत शिकवणारी कुंदा मग रोज शाळा सुटल्यावर विचारू लागली— “आलं रबर?”

“नाही जी. उद्या.”

तो बंजारा तांड्यावरच्या भीमसिंगचा मुलगा, ती वकिलांची एकुलती एक लेक. पण त्या ‘उद्या’ला दोघंही कंटाळली नाहीत. एके दिवशी मात्र फळीखाली गुंडाळलेलं काळं रबर तिला दिसलं.

“हे कधी आलं?”

“आठ दिस झाले...” त्यानं मान खाली घातली. “सांगतलं असतं तर तुम्ही कायले आल्या असत्या?”

तिला रागवायचं होतं, पण हसू आलं. घरी जाऊन तिनं काहीच सांगितलं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात यवतमाळहून कुंदाच्या मामांचं पत्र आलं. इंजिनीयर मुलगा रविवारी त्यांच्याकडे तिला पाहायला येणार होता. रविवारी सकाळीच नरहरराव मोटार आणि मुलगी घेऊन गॅरेजात हजर.

“सेवादास, काहीही करून आज काच बसव. दोनला निघायचंय.”

सेवादासनं रबर काचेभोवती चढवलं, त्याच्या खाचेत दोरी घातली, साबणाचं पाणी लावलं. “आत एक जण पाहिजे साहेब. मी भायेरून दाबतो, आतल्यानं दोरी ओढाची. मंग रबराचा ओठ चौकटीच्या पत्र्यावर चढते.”

वकिलांचा खांदा आखडलेला, दोरी ओढणं त्यांना जमणार नव्हतं. ते समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले आणि कुंदा मोटारीत शिरली. काचेपलीकडे वीतभरावर त्याचा चेहरा...

“हळू... आणखी हळू. कोपऱ्यात झटका बसला का काच गेलीच. महिनाभर दुसरी भेटत नाही.”

वरची कड बसली. बाजू बसल्या. खालच्या कोपऱ्याशी दोरी अडली आणि कुंदाचा हातही थांबला. एक झटका— मग यवतमाळ नाही, मामा नाहीत, इंजिनीयर नाही! तिनं दोरी मुठीला गुंडाळली.

सेवादासनं ते पाहिलं. “फोडाची असन तर फोडा,” तो हलकेच म्हणाला. “सायबाले सांगीन, माह्या हातानं फुटली.”

“आणि नवी काच आल्यावर?”

एका हातानं काच दाबून धरत त्यानं तिच्यावरचा साबणाचा फेस बाहीनं पुसला. “मले बोलता येत नाही जी... पण तुम्ही गेल्या तर मले लय जड जाईन.”

कुंदानं मूठ सैल केली. “दाबा. तुमच्या नावावर खोटं नको मला.”

तसूतसूनं दोरी सरकली. रबर पत्र्यावर चढलं. काच बसली.

नरहरराव परतले, काचेवर टिचकी मारून खूश झाले. “वा! चल कुंदा, साडी बदलून घे.”

“बाबा, मी येत नाही.” ती मोटारीतून उतरली. “मला सेवादासांशी लग्न करायचंय.”

वकील हसायला गेले. हसू अर्ध्यावरच राहिलं. सेवादास ओल्या हातांनीच पुढं आला. “माहीबी तीच इच्छा हाय साहेब. रागवाचं तर माह्यावर रागवा.”

“तुझ्या बापाला माहीत आहे?”

“नाही जी. कळलं तर तोबी तुमच्याइतकाच चिडन.”

रस्त्यावरून कापसाच्या बैलबंड्या चालल्या होत्या. शेवटची बंडी पुढं जाऊ देऊन नरहररावांनी मोटारीचं दार उघडलं. मग एकटेच मोटारीत बसले.

“कुठं निघालात, बाबा?”

“यवतमाळला. माणसं येऊन बसतील, नकार समोर जाऊनच द्यायला हवा.” त्यांनी किल्ली फिरवली. “आणि सेवादास, संध्याकाळी भीमसिंगला घेऊन घरी ये. मी हो म्हटलेलं नाही. पण दोघं बाप समोरासमोर बसले पाहिजेत.”

मोटार धुळीत गेली. कुंदा रस्त्याकडे पाहत गॅरेजच्या फळीवर बसली.

“बाई—”

“कुंदा म्हणा.”

“कुंदा...” तो चाचरला. “बा हो म्हणन का नाही, मले ठाव नाही.”

ती उठली. डोळे पुसले, पदर खोचला. “तांडा किती दूर आहे?”

“दीड कोस.”

“मग चला,” ती म्हणाली. “दोघं मिळून सांगू.”