बोटांमधली गार जागा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढू नका. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरी घडलीय, टिटवाळ्यात, गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी. आणि रात्रीबित्री नाही...

भर दुपारी.

सिद्धेश लग्नाचे फोटो काढतो. चाळिशीला आला, पण स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. मावशी वारली, बहीण मेघना लग्न होऊन कळव्याला गेली, आणि हा नव्या टॉवरमध्ये एकटा. त्याच्या मजल्यावरच्या बाकीच्या फ्लॅटांना अजून कुलपंच आहेत.

मांडवात त्याला सगळे हाका मारतात. "ओ फोटोवाले, इकडे!" घरी हाक मारायला कोणी नाही.

म्हणून तर उजवा हात दुखायला लागला तेव्हा तो हादरला. कॅमेऱ्याची पकड त्याच्या पंजाला लहान. करंगळी खाली लोंबकळायची, सगळा भार अंगठ्यावर यायचा. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर कॅमेरा सोडावा लागेल. कॅमेरा सुटला की माणसंही सुटली, एवढं त्याला कळत होतं.

त्याने डोकं लढवलं. कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळलं, पकडीवर एम-सीलचा जाड थर थापला, पंजाला तेल लावलं आणि मूठ आवळून खिडकीशी बसला. वाळेपर्यंत हलायचं नाही. मग त्याच्याच बोटांच्या मापाची पकड तयार.

बाहेर कबुतरं घुमत होती.

मग कबुतरं गप्प झाली...

लिफ्ट वर आली. त्याच्याच मजल्यावर थांबली. दार उघडल्याचा आवाज आला.

बंद झाल्याचा आला नाही.

"कोण आहे?"

उठून बघावं तर मूठ एम-सीलमध्ये रुतलेली.

एम-सील वाळताना जरा गरम होतं. हे गार पडत होतं... आणि तेही बोटांखाली नाही, बोटांच्या मधे. सगळं टाकून पळावं असं क्षणभर त्याला वाटलं. पण मग बरं वाटायला लागलं म्हणे. इतकं बरं, की बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आल्यावर त्याने पंजा सोडवला.

चार खाचा त्याच्या होत्या. रुंद.

आणि त्यांच्या मधे मधे... बारीक खाचा. कोणीतरी वरून हात ठेवून त्याच्या बोटांत बोटं गुंफली होती.

घाबरून त्याने पॉलिश पेपर घेतला आणि त्या बारीक खाचा घासायला गेला. पहिल्यांदा घासलं, तोच कानाशी आवाज आला...

"स्स्स."

आणि या बाबाने काय विचारावं? "लागलं?"

अहो, दुसरा कोणी असता तर चपला न घालता जिन्याने खाली पळाला असता!

त्या दिवसापासून हात दुखायचा थांबला. हळदी, लग्नं, सगळं दणक्यात सुरू झालं. पण दर रविवारी मेघनाकडे जायचा, ते बंद. फोनवर म्हणायचा, "आम्ही जेवलो गं."

हे 'आम्ही' ऐकून मेघना धास्तावली आणि तडक टिटवाळ्याला गेली. घरात दोघंच. सिद्धेशने चहा तीन कपांत ओतला.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. खाचा दाखवल्या. तो जरा गॅलरीत गेला, तेवढ्यात मेघनाने ती पकड कॅमेऱ्यावरून ओरबाडली आणि ओट्यावर ठेवून बत्त्याने ठेचली.

"दादा, तुझ्या भल्यासाठीच केलं रे!"

तो ओरडला नाही. तुकडे गोळा करत एवढंच म्हणाला, "तिने तुझं काय वाकडं केलं होतं?"

तेव्हापासून तो मेघनाशी बोलत नाही.

मागच्या रविवारी मीच गेलो. नवं एम-सील थापून तो खिडकीशी बसला होता. बोटं फाकवून, मधे जागा ठेवून.

"हळू बोल," म्हणाला.

लिफ्ट आली नाही. कबुतरं एकदाही थांबली नाहीत.

वाळल्यावर त्याने पंजा काढला. चार खाचा. मधली जागा साफ गुळगुळीत.

"आता कोणी येत नाही रे," म्हणाला, आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला.

खाली उतरलो, तेवढ्यात मेघनाचा फोन. मागे टीव्ही, पोरांचा दंगा, सासूबाईंचा आवाज. ती कुजबुजत होती.

"अरे, ते फोडल्यापासून माझा हात गार पडतो. कणीक मळताना, भांडी घासताना... बोटांच्या मधे. कोणीतरी धरतं रे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "मेघना, दादाकडे ये. त्याला सांगू."

"नको!"

दार लावल्याचा आवाज आला, मागचा दंगा कमी झाला.

"दादाला कळू देऊ नकोस. त्याच्याकडे परत गेलं तर... एवढ्या माणसांत माझा हात कधी कोणी धरलाच नव्हता रे."

फोन ठेवला तिने.

मी अजून सिद्धेशला काही सांगितलेलं नाही.