हाकेला ओ

मागच्या हंगामात एक भलामोठा मूस, घोड्याएवढा रानटी सांबरासारखा, वेइक्कोच्या पाठीमागून सुक्या फांद्या मोडत निघून गेला आणि वेइक्को समोर बघत कॉफी पीत बसला होता. एवढी शिंगं दारातून आत आली नसती, असं शेजारच्या ठाण्यावरचा माणूस सांगायचा. शिकारी टोळीचा म्होरक्या ताइस्तो यानं ही गोष्ट वर्षभर पुरवून पुरवून सांगितली. ताइस्तो वेइक्कोचा मेव्हणाच, त्यामुळे जिभेला लगाम नव्हता.

"मूसनं खांद्यावर खूर ठेवून रस्ता विचारला असता ना, तरी हा म्हणाला असता, साखर नको."

लोक हसायचे. इतरांचे चेहरे बघून वेइक्कोही हसायचा. त्याचं अर्धं आयुष्य लाकूडतोडीच्या यंत्रावर गेलं होतं आणि उरलेलं बंदुकीमागं. कान कधीच कामातून गेले होते. दवाखान्यातून मिळालेलं यंत्र जंगलात नुसतं खरखरायचं, म्हणून ते टेबलाच्या खणात पडून होतं.

या सप्टेंबरात त्याची मुलगी तुइया शहरातून आली ती एक खोकं घेऊन. आत शिकाऱ्यांसाठीचे नवे कानटोप होते, हेडफोनसारखे, गडद हिरव्या रंगाचे. बंदुकीचा बार व्हायच्या वेळी ते कान बंद करत आणि एरवी बारीकसारीक आवाज मोठा करून आत सोडत. बाजूला एक छोटं चाक होतं, आवाज कमी-जास्त करायला.

"हंगामभर वापरून बघ बाबा," तुइया म्हणाली. "नाही पटले तर नाताळापर्यंत दुकानवाले परत घेतात. फक्त खणात टाकू नकोस."

तो ते घालून पायरीवर बसला. अंगणातल्या बर्चची पानं एकेक गळत होती आणि खाली टेकताना प्रत्येक पान आवाज करत होतं. छपराच्या पन्हाळीत एक चिमणी नखं घासत होती. वेइक्को बराच वेळ हलला नाही.

"हा आवाज नेहमीच असतो?" त्यानं विचारलं.

"कुठला?"

"पानांचा."

तुइया पटकन वळली. आत जाऊन तिनं भांडी विसळायला घेतली. नळाच्या पाण्याखालीही तिचं रडणं त्याला ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती आणि ती दोघांनीही काढली नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच सप्टेंबरात वेइक्कोची बायको हिल्का लाल बेऱ्या वेचायला गेली ती परत आलीच नाही. सायकल उत्तरेच्या खडीच्या रस्त्यालगत सापडली, तेव्हा शोध त्याच बाजूला लागला. गावातली, आसपासची माणसं साखळी करून जंगल विंचरत निघाली. शिट्टी झाली की सगळ्यांनी थांबायचं, हाक मारायची, मग श्वास रोखून ऐकायचं. वेइक्कोही थांबायचा, हाक मारायचा, ऐकायचा. शेजारच्यानं मान हलवली की तोही हलवायचा. साखळीची रांग ताइस्तोनं लावली होती. त्यानं वेइक्कोला अगदी दक्षिणेच्या टोकाला उभं केलं होतं, हार्मासुओ दलदलीच्या कडेला. तिकडे ती जाणं शक्य नाही, असं सगळ्यांचंच मत होतं. नवऱ्याच्या पायाखाली काही यायला नको, एवढाच ताइस्तोचा हेतू. पुढे पाऊस लागला, मग बर्फ पडला आणि शोध थांबला. दफनभूमीत हिल्काच्या नावाचा दगड नाही. असावा की नसावा, यावर बापलेकीचं एकदाही बोलणं झालेलं नाही.

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला. ताइस्तोचा करडा कुत्रा तेसू मूस उठवायचा, दोघं-तिघं हाका घालत त्याला पुढे हुसकत यायचे आणि बाकीचे आपापल्या ठाण्यांवर बंदुका घेऊन बसायचे. वेइक्कोचं ठाणं हार्मासुओच्या कडेला होतं. शिकारीची जागा म्हणून उत्तम. दलदलीच्या कडेनं मूस नेहमी जा-ये करतात.

पहिल्या दोन रविवारी त्यानं नुसती मजा केली. कानटोपांचं चाक हळूहळू फिरवायचं आणि जंगल आपल्याकडे ओढून घ्यायचं. शेवाळाखालून उंदीर पळाला. लांबवर रानकोंबडा उडाला, तर पंखांची फडफड थेट मानेशी आली. हाका सुरू झाल्यावर मूसची मादी यायच्या कितीतरी आधी तिच्या खुरांचं चिखलातलं चुबुकचुबुक त्यानं ओळखलं आणि एका गोळीत ती पाडली. शेकोटीवर सॉसेज भाजताना ताइस्तोनं पहिलं त्याच्या हातात दिलं.

"टोपांना दे," तो म्हणाला. "शिकार त्यांनी केली."

तिसऱ्या रविवारी एका माणसाची हाक आली.

फार लांबून आली. कोणीतरी पुरुष, घसा बसलेला, काहीतरी लांबवून ओरडत होता. मग गप्प. पुन्हा ओरडला. वेइक्कोनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"दलदलीकडे कोण ओरडतंय?"

"कोणी नाही," ताइस्तोचा आवाज आला. "हाकेवाले अजून गाडीजवळच आहेत. शिकार उठायच्या आधी कोण ओरडेल? का रे?"

"काही नाही. वाटलं तसं."

शेजारच्या ठाण्यावरच्या तरण्या पोरानंही तसलेच कानटोप घेतले होते, त्याच दुकानातले. जेवताना वेइक्कोनं त्याला सहज विचारलं. त्यानं सकाळपासून नुसता सुतारपक्षी ऐकला होता.

पुढच्या रविवारी हाक जवळ आली. आता शब्द लागत होता. तो माणूस हिल्काचं नाव घेत होता. आधी वेइक्कोला राग आला. कोणीतरी थट्टा करतंय, इतकी हलकट थट्टा गावात कोण करील, याचा तो विचार करू लागला. तेवढ्यात त्या माणसानं नाव बदललं. फाटक्या, रडवेल्या आवाजात तो ओरडला, "हिल्कुली."

हे नाव घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो एकटाच ते घ्यायचा, तेही कोणी नसताना. जंगलात ते एकदाच घेतलं होतं. शोधाच्या शेवटच्या दिवशी, साखळीच्या टोकाला, शेजारचा माणूस झाडांआड गेल्यावर.

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे माणसाला माहीत नसतं. म्हणून ओळखायला इतका वेळ लागला.

घरी आल्यावर त्यानं कानटोप खोक्यात घालून झाकण लावलं. आठवडाभर ते टेबलावर होतं. तुइयानं फोनवर ओरडून विचारलं, टोप कसे आहेत म्हणून, तर तो म्हणाला, "चांगले आहेत. सगळं ऐकू येतं."

पुढच्या रविवारी तो ते घेऊनच गेला.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. बर्फात जंगल दाराला कडी लावल्यासारखं बंद होतं, पण हार्मासुओवरची ती हाक बंद झाली नाही. त्या दिवशी तेसूनं उठवलेला नर सरळ वेइक्कोसमोर आला आणि दलदलीच्या काठावर आडवा उभा राहिला. छाती उघडी, अंतर सोपं. वेइक्कोनं बंदूक खांद्याला लावली. उत्तरेकडून त्याचा स्वतःचा आवाज आला, "हिल्का."

आणि मूसच्या पलीकडून, बुटक्या पाइनमधून, बाईच्या आवाजात ओ आली.

"इकडे. अरे, इकडे आहे मी."

आवाजात भीती नव्हती. जेवायला वाढून ठेवलंय आणि हा अजून सरपणाच्या खोपटातून येत नाही, तेव्हा ती हाक मारायची, तसला थोडासा वैतागलेला सूर होता. वेइक्कोनं बंदूक खाली केली. मूसनं त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश चालत गेला.

गाड्यांजवळ ताइस्तो वाट बघत होता.

"बार का नाही काढलास?"

"पलीकडे माणूस होतं."

"पलीकडे दलदल आहे, वेइक्को. रशियाच्या हद्दीपर्यंत दलदल आहे. कोण असणार?"

वेइक्कोनं इतर लोक लांब जाईपर्यंत धीर धरला. मग सगळं सांगितलं. आपली हाक, हिल्कुली, आणि आजची ओ. ताइस्तो ऐकताना हातमोज्यावरचा बर्फ झटकत राहिला. झटकण्यासारखा बर्फ संपला तरी झटकत होता.

"ते यंत्र दुकानात परत कर," शेवटी तो म्हणाला.

"ताइस्तो, ती ओ देत होती. मी हाक मारत होतो आणि ती ओ देत होती. मी पुढे निघून गेलो."

"परत कर म्हणतो ना."

"तुझी बहीण आहे ती."

"म्हणूनच सांगतोय." ताइस्तोचा आवाज उतरला. "तुला तिथं कोणी उभं केलं होतं? बहिऱ्या माणसाला? झोप नाही रे मला. त्यात तू आता हे सांगतोस."

त्यानंतर दोघं काही दिवस बोलले नाहीत. वेइक्को मात्र शिकार नसतानाही हार्मासुओवर जाऊ लागला. दुपारचा अंधूक उजेड असेतो थर्मास घेऊन बसायचा. हाक आणि ओ, हाक आणि ओ. दर खेपेला हाक थोडी लांब गेलेली असायची. ओ तिथंच असायची, पण बारीक होत चालली होती. वैताग जाऊन तिच्यात दम लागला होता. तो बर्फ तुडवत आवाजाच्या दिशेनं जायचा. पोचायचा तिथं कमरेएवढ्या पाइनशिवाय काही नसायचं आणि आवाज तितकाच पुढे सरकलेला असायचा. शोधानंतरच्या उन्हाळ्यात लोकांनी काठ्यांनी ही दलदल चाचपली होती. काही मिळालं नव्हतं.

एवढ्या दिवसांत दलदलीवर त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. भीती होती, की आपण बोललो तर तेवढंही थांबेल.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी टोळी पलीकडच्या जंगलात गेली. वेइक्को गेला नाही. बंदूक घरी ठेवून तो हार्मासुओवर निघाला, तर खडीच्या रस्त्यावर ताइस्तोची गाडी उभी. कुत्र्याच्या पायाला लागलंय, तेसू घरी आहे, म्हणून आज आपलीही शिकार नाही, असं काहीतरी तो म्हणाला. वेइक्कोनं विचारलं नव्हतं. दोघं मागंपुढं चालत ठाण्यापाशी आले. ताइस्तो एका पाइनला टेकून उभा राहिला. वेइक्कोनं टोप चढवले.

हाक आता जवळजवळ ऐकूच येत नव्हती.

ओ मात्र आली. कुजबुजल्यासारखी. "इकडे."

मग बराच वेळ काही नाही.

वेइक्को उठला. दलदलीकडे तोंड केलं. दोन वर्षांपूर्वी फाटला होता तसाच त्याचा आवाज फाटला.

"ओ. हिल्का, ऐकलं मी. ऐकलं गं."

सगळं थांबलं. पाइनवरून भुरभुरणारा बर्फही.

मग अगदी समोरून, टोपांच्या दोन्ही कानांत, हिल्का म्हणाली, "केव्हाची ओरडतेय."

बर्फ करकरला. एक पाऊल. मग दुसरं. सावकाश, दमलेल्या माणसाचं. समोरचा बर्फ कोरा होता आणि कोराच राहिला.

पावलं वेइक्कोपाशी येऊन थांबली.

त्यानं टोप काढले. तो रडत नव्हता. त्यानं ते ताइस्तोपुढे धरले. ताइस्तोनं मान हलवली, नको. वेइक्कोनं हात मागं घेतला नाही.

ताइस्तोनं टोपी काढली, टोप घातले आणि उभा राहिला. वेइक्कोला आता काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला दिसत होता तो फक्त ताइस्तोचा चेहरा. आधी तो नुसता ताठ होता. मग ओठ जरासे उघडले आणि मिटायचे राहिले. तो खाली, बाजूला, वेइक्कोच्या डाव्या खांद्याशेजारी कुठंतरी बघत होता.

"काय ऐकलंस?" वेइक्कोनं विचारलं.

ताइस्तोनं टोप गळ्यात ओढले. शब्द नीट कळावे म्हणून तो वेइक्कोकडे तोंड करून बोलला.

"वारा आहे. चल, अंधार पडतोय. मी सोडतो तुला."

परत जाताना ताइस्तो पुढे होता. दलदलीवरच्या फळ्यांवर तो नेहमी झपाझप चालायचा. आज पाऊल आवरून चालत होता. फांद्या हातानं बाजूला धरायचा आणि वेइक्को पुढे गेला तरी लगेच सोडायचा नाही.

गाडीत बसल्यावर ताइस्तोनं किल्ली फिरवली. काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत दोघं बसले. इंजिनची थरथर वेइक्कोला आसनातून कळत होती, एवढंच. मग समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा लुकलुकू लागला. मागच्या आसनावर बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही, हे सांगणारा.

वेइक्को मागं वळला. आसन रिकामं होतं. सामान तर त्यांनी काही आणलंच नव्हतं.

ताइस्तो आरशात बघत होता. तो उतरला. त्यानं मागचं दार उघडलं, वाकला, पट्टा ओढून त्या रिकाम्या आसनावरून पलीकडे नेला आणि खटका बसवण्याआधी थोडा सैल सोडला, जाड कोट घातलेल्या माणसासाठी सोडतात तसा.

मग दार हलक्या हातानं लावून तो पुढे येऊन बसला. लाल दिवा विझला होता.