तो आला की पेज शहाणं

"काल कसा शहाण्यासारखा वागलास! आजच काय धाड भरली तुला?"

जिन्यात पावलं थबकली. सुजलेल्या गालावर रुमाल धरून एक तरुण दारातून डोकावला. "मला... म्हणालात?"

"अय्या — नाही हो! ह्याला." तिने टेबलाखालच्या सर्व्हरकडे बोट दाखवलं.

तो निघाला होता वरच्या मजल्यावर, दाताच्या डॉक्टरकडे. पण सर्व्हर आणि स्क्रिप्ट ही त्याची रोजची भाकरी. दात विसरून तो तिथेच मांडी घालून बसला.

ऑफिस तिच्या काकांचं, आजाऱ्यांच्या घरी नर्स पाठवण्याचं. पूर्वी सगळं फोनवर चालायचं. वेबपेजचा हट्ट पुतणीचा. माहिती भरायची, बटण दाबायचं, की पुढचं सगळं सर्व्हरवरची स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, आपोआप करायची. करायची म्हणजे... तिच्या मनात आलं तर. नाहीतर पेज पांढरंफटक! त्यापायी नुकत्याच एक आजारी आजी दुपारभर नर्सची वाट बघत पडून राहिल्या होत्या. "पुन्हा असं झालं, तर तुझं पेज बंद," काकांनी बजावलं होतं.

आणि आता त्याच्यासमोर पेज सुतासारखं सरळ!

"वैद्य दिसला की दुखणं पळतं, तसं आहे हे," तो म्हणाला.

"मग वैद्यालाच इथे बसवून ठेवावं लागेल," ती बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

तो येतच राहिला. "वर दाताला आलो होतो, म्हटलं डोकावू..." तो असेपर्यंत पेज गुणी बाळ. तो नसला की घोळ. आतल्या खोलीतून काका म्हणायचे, "जावई आल्यासारखं वागतंय हे यंत्र!" ती चहाच्या कपात तोंड लपवायची.

शेवटी एके सकाळी तो कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला. "मी इथे नाहीच असं समजा. रोजची कामं करा."

नाहीच समजा! सोपं होतं का ते? तरी तिने ओढणी कमरेला खोचली. टेबल पुसलं, कुंडीला पाणी घातलं, केराची टोपली रिकामी केली. मग सवयीने सर्व्हरवरचं, तिला फालतू वाटणाऱ्या फायलींचं एक फोल्डरही साफ केलं. काका तिला 'स्वच्छतामंत्री' उगाच म्हणत नव्हते.

त्याने आपल्या फोनवर आधीच भरून ठेवलेल्या पेजचं बटण आता दाबलं. पांढरंफटक!

"सापडलं," तो हळूच म्हणाला. "लोक भरत असलेली माहिती बटण दाबेपर्यंत स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये टेकवते. तुम्ही ती केर म्हणून काढता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे त्या आजी... माझ्यामुळे?"

"झाडू फिरवल्याने घर पडत असेल, तर घर कच्चं बांधलंय. झाडूला कशाला बोल लावायचा?" त्याने स्क्रिप्टला वेगळी, कुणाचा हात न लागणारी जागा करून दिली.

चूक दाखवूनही कुणी आपल्याला लहान केलं नाही... तिचा ऊर भरून आला. त्याने बॅग उचलली, तशी ती घाबरली. आता हा कशाला येईल?

दारात तो वळला. "एक कोडं राहिलंच. मी यायचो तेव्हा साफसफाई का नाही व्हायची?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही आलात की... मला पसारा दिसतच नाही."

तो चक्क लाजला. "माझंही एक सांगू? तो दात... पहिल्याच दिवशी काढला डॉक्टरांनी."

"मग इतके दिवस वर कुणाकडे जात होतात?"

"त्यानंतर वर गेलोच नाही."

आतून काका ओरडले, "अगं, चहा टाक! आणि त्या दाताचे उपकार मान!"

ते तर ती केव्हाचेच मानत होती.